ठवणीवरचा खून

मी एक जुनी ठवणी आहे. मित्रांनो, या देशातल्या ज्ञानाचा भार शतकानुशतके कोणी पेलला असेल, तर तो आम्ही पेलला. ऋषी आले आणि गेले, राजे आले आणि गेले, पण ग्रंथाला जमिनीवर टेकू दिलं नाही ते आम्ही ठवण्यांनीच. हे सगळं अर्थात अडीच किलोपर्यंतच्या ज्ञानाबद्दल चाललं आहे. त्याहून जड ज्ञान ठेवलं की माझा उजवा पाय करकरतो, आणि मग ज्ञानाला टेबल शोधावं लागतं.

ठवणी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. एकाच फळीतून कोरून काढलेल्या, एकमेकींत अडकलेल्या दोन पाट्या. मिटल्या की जाडसर पाट दिसतो, उघडल्या की गुणाकाराची खूण. वरच्या खाचेत पोथी ठेवायची, समोर मांडी घालून बसायचं आणि वाचायचं. यातलं शेवटचं क्रियापद कृपया लक्षात ठेवा. माझं सगळं दुःख त्याच्यातच आहे.

माझा जन्म वाईचा. घाटाजवळ एका सुताराचं दुकान होतं. देवळाच्या दारासाठी आणलेल्या सागवानाचा एक तुकडा उरला. चौरंगाला लहान, लाटण्याला मोठा, म्हणून मी झाले. माझ्या दोन्ही बाजूंना कमळ कोरायचं ठरलं होतं. एका बाजूचं पुरं झालं आणि सुताराला जेवायला हाक आली. दुसऱ्या बाजूला आजही नुसती कळी आहे. हळदीच्या व्यापारासाठी फिरणाऱ्या सांगलीकडच्या एका जैन शेतकऱ्याने मला पाहिलं, "ह्ये बरं हाय" म्हणाला आणि टॉवेलात गुंडाळून घेऊन गेला. तेव्हापासून मी जन्माने साताऱ्याची आणि संसाराने सांगलीची.

त्या घरात मी सुखात होते. मला आणणारा तो शेतकरी म्हणजे घरातले आजोबा. ते रोज संध्याकाळी माझ्यावर शास्त्र उघडत. घरची माणसं भोवती बसत. कोणी शंका विचारी, कोणी डुलकी घेई, एखादी सून शेंगा सोलता सोलता ऐके. पान उलटताना एक बारीकशी वाऱ्याची झुळूक अंगावर येते. ठवणी जगते ती त्या झुळकेवर. पुढे आजोबा गेले. गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, संगमरवरी ठवणी आली, घरचं शास्त्र तिच्यावर गेलं आणि मी माळ्यावर गेले. शेजारी एक बिघडलेला मिक्सर होता. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं.

माळ्यावरून मला काढलं ते आजोबांच्या नातीने, चंदनबालाने. विश्रामबागेतल्या एका सार्वजनिक वाचनालयात ती ग्रंथपाल आहे. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण पुढे काय झालं ते तुम्ही ऐकणारच आहात.

चंदनबालाने पुण्याला एका प्रशिक्षणात पाहिलं होतं, की तिकडच्या वाचनालयांत दाराशीच एक पुस्तक तोंड पुढे करून उभं ठेवतात. शेजारी चिठ्ठी असते: 'हे वाचा, मला फार आवडलं.' खाली सही. कधी कर्मचाऱ्याची, कधी वाचकाची. जाणारा-येणारा थांबतो, चिठ्ठी वाचतो, पुस्तक उचलतो आणि घरी नेतो. पुस्तकच नव्हे, सिनेमा, नाटक, गाण्याचा कार्यक्रम, काहीही सुचवावं. तिला ते इतकं आवडलं की परतल्यावर तिने दाराशी एक कोपरा मोकळा करून घेतला, 'आमची शिफारस' अशी पाटी लावली आणि पुस्तक ठेवायला काहीतरी छानसं हवं म्हणून मला आणलं.

हीच चूक झाली, मित्रांनो. पुण्यातला स्टँड प्लास्टिकचा होता. त्याच्याकडे बघून कोणाला चप्पल काढावीशी वाटली नसती.

पहिली शिफारस सिनेमाची होती. शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात पडद्यावर सिनेमा दाखवतात. एका वाचकाने आवडता सिनेमा पेनड्राइव्हमध्ये घालून दिला आणि चंदनबालाने चिठ्ठीसह तो माझ्यावर ठेवला. आमचे शिपाई आकाराम सकाळी झाडलोट करून आले. ठवणीवर काहीतरी छोटंसं, चकचकीत, लाल बसलेलं त्यांनी पाहिलं. ते काय असावं याचा विचार त्यांनी केला नाही. तेवढा विचार देवाच्या बाबतीत करू नये, असं त्यांना घरी शिकवलं होतं. त्यांनी त्याच्या उघड्या तोंडाला चिमूटभर कुंकू लावलं. शनिवारी सिनेमा लागला नाही. कधीच लागला नाही.

दुसरी शिफारस एका नाटकाच्या जाहिरातीची होती. ती माझ्यावर ठेवल्यापासून आठवडाभर लोक तिच्या पाया पडत होते. जाहिरातीत खलनायकाचा मोठा फोटो होता, गळ्यात रुमाल आणि तोंडात विडी. सगळ्यांनी त्यालाच नमस्कार केला. प्रयोगाला मात्र नाट्यगृहात पंख्यांचाच आवाज जास्त येत होता, असं चंदनबाला सांगते. ती पहिल्या रांगेत होती. तिच्या मागे रांगा पुष्कळ होत्या.

मग पुस्तकं आली. इथून माझे खरे हाल सुरू झाले.

दारातून माणूस आत येई. समोर ठवणी, ठवणीवर ग्रंथ. हात आपोआप जुळत. जैन वाचकांना घरचं शास्त्र आठवे, ते दोन पावलं मागे सरत. हिंदू वाचकांना पारायण आठवे, ते वाकून कपाळ टेकवत. एक मुसलमान गृहस्थ उर्दू गझलांची मराठी पुस्तकं न्यायला येतात. ते म्हणाले, "आमच्यात याला रेहाल म्हणतात," आणि हात न लावता अदबीने बाजूला झाले. सर्वधर्मसमभाव माझ्या दोन पाट्यांवर गुण्यागोविंदाने नांदत होता, आणि पुस्तक एकही जात नव्हतं.

"घेऊन जा की हो घरी," चंदनबाला लोकांना म्हणे. "शिफारस आहे ती. वाचायलाच ठेवलंय."

"नको बाई," एक वहिनी म्हणाल्या, "आज रविवार, घरात मटण शिजतंय. कशाला पोथी न्या?"

"ही पोथी नाही हो. स्वयंपाकाचं पुस्तक आहे. यात मटणाचाच रस्सा दिलाय."

"असू दे, असू दे," म्हणत वहिनी उलट्या पावलांनी मागे गेल्या.

कॉलेजातले एक प्राध्यापक जरा वेळ उभे राहिले. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अजून माझी तेवढी पात्रता नाही." पुस्तक विनोदी लेखांचं होतं.

चंदनबालाने एकदा पुस्तक माझ्यावरून काढून सरळ टेबलावर ठेवून पाहिलं. संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या माणसांनी ते परत माझ्यावर आणून ठेवलं, आणि प्रत्येकाने "खाली राहिलं होतं" म्हणून स्वतःचे कान पकडले.

तुम्ही म्हणाल, मान मिळतोय, मग तक्रार कसली? मित्रांनो, तुम्हाला कोणी जेवायला बोलावलं, पाटावर बसवलं, ओवाळलं आणि सगळ्यांनी पाया पडून दिवा मालवला, तर तुम्ही काय म्हणाल? तेच मी म्हणते. फक्त मला तोंड नाही.

या वाचनालयाचे कार्याध्यक्ष म्हणजे रायगोंडा अण्णा. सत्तरी ओलांडलेले, हळदीचे जुने व्यापारी, सरळ मनाचे गृहस्थ. वाचनालयावर त्यांचं इतकं प्रेम, की त्या प्रेमात पुस्तक उघडून व्यत्यय आणताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. गणपतीनंतर एका दुपारी ते आले, चपला काढल्या, मला नमस्कार केला आणि मग रागावले.

"काय गं चंदनबाला, ह्ये काय करालीस? दारात जागा अडवून ठेवलीस. अभ्यासिकेतली पोरं जिन्यात बसून अभ्यास करत्यात. हितं चार खुर्च्या बसतील."

"अण्णा, लोकांनी चांगलं काही वाचावं म्हणून..."

"वाचलं का कुणी?"

चंदनबालाने माझ्यावरचं पुस्तक उगाच सरळ केलं.

"एक तरी पुस्तक गेलं का ह्या कोपऱ्यातनं?"

"जाईल अण्णा."

"दिवाळीपर्यंत बगतो. एक जरी पुस्तक कुणी वाचून आणलं, तर कोपरा ऱ्हाऊ दे. न्हाईतर खुर्च्या." एवढं बोलून अण्णांनी जाताना पुन्हा मला नमस्कार केला.

त्या दिवशी चंदनबालाने आपल्या कपाटाच्या कुलपातून एक पुस्तक काढलं. मळकं, दोनदा बांधणी केलेलं. नाव 'सहाव्या मागावरचं रक्त'. लेखकाचं नाव सांगत नाही, त्यांच्या घरचेही सांगत नसत. माधवनगरसारख्या गावातल्या एका कापडगिरणीत ही गोष्ट घडते. सकाळचा भोंगा होतो आणि सहाव्या मागावरचा विणकर मरून पडलेला सापडतो. मुखपृष्ठावर रक्ताने माखलेला मागावरचा धोटा होता आणि त्याच्यामागे किंचाळणारी बाई.

दुपारी वाचनकक्ष रिकामा असला की चंदनबाला माझ्याशी बोले. माझ्याशी म्हणजे पुस्तकाशी, पण ऐकणारी मीच होते.

"शेवटच्या प्रकरणात मुनीमाला पकडतात," ती म्हणे, "पण मुनीम खुनी नाहीच. मेलेल्या माणसाचा डबा धुतलेला सापडतो. धुतलेला! मुनीम कशाला डबा धुईल? डबेवाली कोंडाबाईच ती. लेखकालाच कळलेलं नाही." मग जरा थांबून म्हणे, "कोणी वाचलंच नाही हे, तर भांडू तरी कोणाशी?"

तिचा नवरा हळदीचे दर सोडून काही वाचत नाही. मैत्रिणी मालिका बघतात. दिवसभर ती शेकडो पुस्तकं लोकांच्या हाती देते. ती परत येतात ती नुसती येतात. 'बरं होतं' यापलीकडे कोणी बोलत नाही. कोपरा तिला हवा होता तो एवढ्यासाठी. एका तरी माणसाने तिचं लाडकं पुस्तक वाचावं, परत यावं आणि तिच्याशी कडाकडा भांडावं. तिने चिठ्ठी लिहिली: 'हे वाचा. मग मला येऊन सांगा, खून कोणी केला.' आणि पुस्तक माझ्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी आकारामांनी मुखपृष्ठावरची बाई पाहिली. देवीचं उग्र रूप असावं, असं त्यांच्या मनाने घेतलं. उघड्यावर ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी लाल मखमलीचा तुकडा आणून पुस्तक गुंडाळलं. चंदनबालाने मखमल काढली. त्यांनी पुन्हा गुंडाळली. तिने पुन्हा काढली.

"म्याडम, पावसाचं दिस हाईत," आकाराम म्हणाले.

इथे ती हरली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वाचनालयातल्या सगळ्या अवजारांची पूजा झाली. शिक्के, पंच, कात्री, संगणक. माझ्यावरच्या खुनाला झेंडूचा हार पडला. हळदकुंकू वाहिलं गेलं. मला त्या दिवशी इतकं रडू आलं की पॉलिशला पोपडे आले.

या सगळ्यांत एक बयाबाई होत्या. मूळच्या आटपाडीकडच्या, घरात मेंढरं राखत आलेली माणसं. नात प्रांजल पोलीस भरतीचा अभ्यास करायला अभ्यासिकेत येई, आणि बयाबाई तिच्याबरोबर येऊन पंख्याखाली बसत. त्यांना वाचता येत नव्हतं. रोज आल्या की माझ्यापुढे कपाळ टेकवायचं आणि मग पंखा. आम्हा दोघींचा वेळ असा जाई.

दिवाळी जवळ आली. अण्णा आले. बरोबर खुर्च्यावाला होता.

"चंदनबाला, काय ठरलं हुतं?"

"हो अण्णा." तिचा आवाज खाली गेला होता. "एकही गेलं नाही."

"मग उचला ह्ये. आकाराम, काढ रं ती पोथी."

आकाराम जागचे हलले नाहीत. "अण्णा, पोथी अशी मदीच उचलत न्हाईत."

"मंजी?"

"ठवणीवर मांडल्याली पोथी संपूर्ण वाचून झाल्याबिगार उचलायची न्हाई. आमच्या चुलत्यानं उचलली हुती एकदा अर्ध्यावर. वर्षात दोन म्हशी गेल्या."

"मग मी उचलतो," अण्णा म्हणाले. ते पुढे झाले. हात लांब केला. मखमल, हार, हळदकुंकू. अण्णांच्या घरातही एक ठवणी होती आणि तिच्यावर मांडलेलं शास्त्र अर्ध्यावर उठवलेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्च्यावाल्याकडे पाहिलं. खुर्च्यावाला म्हणाला, "मला नगं सांगू सायेब, माझी बायकू पोटुशी हाय."

चंदनबाला सहज उचलू शकली असती. ती उचलायला गेलीही. पण पंख्याखालून आवाज आला.

"आगं थांब की पोरी!" बयाबाई म्हणत होत्या. "दोन म्हैनं झालं रोज पाया पडतीया. आत काय हाय त्ये तरी कळू द्या. वाचा की कुणीतरी. मग उचला."

वाचनालयात अशी मागणी प्रथमच होत होती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"कोण वाचणार?" अण्णांनी विचारलं.

"मांडल्याली तुमच्या हापिसात," बयाबाई म्हणाल्या, "तुमीच वाचा. अध्यक्ष हाय न्हवं?"

"त्यात हिंसा न्हाई न्हवं?" अण्णांनी हळूच चंदनबालाला विचारलं.

"थोडीशी आहे," चंदनबाला म्हणाली. पहिल्या पानावर माणूस मरतो, हे तिने सांगितलं नाही.

सतरंजी अंथरली गेली. मला जमिनीवर घेतलं. अण्णा मांडी घालून बसले. मखमल उलगडली, पुस्तक उघडलं आणि माझ्या अंगावर किती वर्षांनी ती झुळूक आली म्हणून सांगू! अण्णांना वाचायची एकच चाल येत होती, शास्त्राची. त्याच संथ चालीत त्यांनी सुरुवात केली: गिरणीचा भोंगा झाला, सगळे माग सुरू झाले, सहावा तेवढा गप्प होता. बयाबाईंनी हात जोडले. आकारामांनी उदबत्ती लावली.

"...आणि मागाखालनं रक्ताची धार..." अण्णा थबकले. त्यांनी चष्म्यावरून चंदनबालाकडे पाहिलं.

"वाचा की," बयाबाई म्हणाल्या. "थांबतंय व्हय कुणी हितं?"

अण्णांनी घसा साफ केला आणि पुढे वाचलं.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. अण्णा जैन आहेत, सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत. त्यामुळे दिवस कलला की त्यांना उठून घरी जावं लागे. आणि हा लेखक, ज्याचं नाव मी सांगत नाही, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणालातरी दाराआड उभं करून ठेवत असे. अण्णा जांभळी सावली पाहून पुस्तक मिटायचे तेव्हा एक माणूस नेहमी दाराआड उभा असायचा.

दुसऱ्या दिवशी सतरंजी आधीच अंथरलेली होती. अभ्यासिकेतली पोरं जिन्यातून उतरून येऊन बसली. प्रांजलने भरतीचं पुस्तक उलटं ठेवलं. हळदीचे दर वाचणारा चंदनबालाचा नवरा तिला न्यायला आला आणि "चल" म्हणायचं विसरला. कोणीतरी फुटाणे वाटले. वाचन चालू असताना बयाबाईंचे सवाल चालू होतेच.

"मेल्यानं जेवल्यालं का न्हाई, त्ये सांगा आदी."

"जेवलं हुतं बयाबाई, डबा धुतल्याला सापडला."

"आसं! मरणाऱ्याला डबा धुवायची कसली घाई!"

चंदनबाला भिंतीला टेकून उभी होती. तिने तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की काय, मला खालून दिसलं नाही.

चार-पाच दिवस हे चाललं. अण्णांची चाल बदलत गेली. पहिल्या दिवशी शास्त्राची होती, मग कीर्तनकाराची झाली, आणि मुनीमाच्या घराची झडती आली तेव्हा तर अण्णा गुडघ्यावर उभे राहून वाचत होते. त्या दिवशी कोणीही खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं ते आकारामांनी.

"अण्णा, दिस बुडाला."

अण्णांनी मान वर केली. बाहेर रस्त्यावरचे दिवे लागलेले. घरी ताट मांडलेलं असणार. अण्णांनी पुस्तक मिटून माझ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "उपास पडला आज."

माणसं हळूहळू उठली. चंदनबाला दिवे बंद करायला आत गेली. आकाराम खिडक्या लावत होते. माझ्यासमोर अण्णा एकटेच उरले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मला नमस्कार केला. मग दोन्ही हातांनी पुस्तक उचललं, मखमल माझ्यावर तशीच ठेवली, आणि धोतराचा सोगा सावरत, पुस्तक काखेत दाबून, वाचनालयाचे कार्याध्यक्ष वाचनालयातून पळाले.

मी रिकामी झाले, मित्रांनो. आयुष्यात कोणी इतक्या प्रेमाने माझ्यावरचा भार चोरला नव्हता.

सकाळी आकारामांनी मखमल उचलली आणि त्यांची किंकाळी मुखपृष्ठावरच्या बाईला शोभली असती.

"पोथी गेली! म्याडम, पोथी उठून गेली!"

"आसं हुतंय," बयाबाई शांतपणे म्हणाल्या. "वेळेत वाचली न्हाई की जातीया."

चंदनबाला माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. अजून शेवटची दोन प्रकरणं उरली होती आणि तिच्याशी भांडायला कोणी आलेलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णा आले. डोळे लाल. हातात भाजीची पिशवी. पिशवीतून वर भेंड्या, आणि भेंड्यांच्या खालून त्यांनी 'सहाव्या मागावरचं रक्त' ओढून काढलं.

"चंदनबाला!" चपला काढायचंही भान नव्हतं. "त्यो मुनीम न्हवं गं! लेखक कायबी लिवतोय!"

चंदनबालाने शेजारची खुर्ची ओढली आणि ती तिच्यावर बसली.

"मी काय म्हणत होते अण्णा इतकी वर्षं!" ती म्हणाली. "कोंडाबाईच ती!"

"कोंडाबाई?" अण्णा ओरडले. "डोस्कं फिरलंय का तुजं? कोंडाबाई कशाला मारंल?"

"डबा कुणी धुतला मग?"

"डबा त्यानं सोताच धुतला! सवय हुती त्येला. तिसऱ्या प्रकरणात लिवलंय. तू नीट वाचलं न्हाईस!"

"मी नाही वाचलं? अण्णा, हे पुस्तक मी अकरा वेळा वाचलंय!"

"मग बाराव्यांदा वाच!"

वाचनालयात 'शांतता राखा' अशा पाट्या आहेत. त्या दोघांच्या डोक्यावरच होत्या. अभ्यासिकेतली पोरं जिन्यातून ओरडू लागली, "अण्णा, शेवट सांगू नका! आमचं राहिलंय!" चंदनबालाचे डोळे भरून आले होते आणि ती टेबलावर हात आपटत होती. माझ्या आयुष्यात मी अनेक शास्त्रचर्चा ऐकल्या, पण इतकी मनापासूनची हीच.

या गोंधळात प्रांजलने अण्णांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं आणि चंदनबालापुढे ठेवलं. "माझ्या नावावर द्या. आजीला शेवट ऐकायचाय."

बयाबाई मात्र अडखळल्या. "पोरी, आमच्या घरात मटान असतंय. चालंल का?"

"चालेल, आजी," चंदनबाला म्हणाली. तिने तारखेचा शिक्का उचलला आणि इतक्या जोरात मारला की त्याच्यावरचं दसऱ्याचं कुंकू पुस्तकावर उडालं.

कोपरा राहिला. अण्णांनी खुर्च्यांचा विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत ते आणि चंदनबाला डब्यावरूनच भांडत बसले आणि विषयपत्रिका तशीच राहिली. जिन्यातली पोरं अजून जिन्यातच आहेत, पण आता त्यांच्यातही दोन पक्ष आहेत. अण्णांनी स्वतःच्या सहीने एक शिफारस लिहिली आहे. तिच्यात पुस्तकाचं कौतुक एका ओळीत आहे आणि चंदनबालाचं खंडन पाऊण पानभर.

तेव्हा मित्रांनो, माझं म्हणणं साधं आहे. आम्हाला मान देऊ नका, आमच्यावरचं उचला. कोणी 'हे वाच, हे बघ, हे ऐक' असं सांगितलं, तर त्याच्या पाया पडून पळू नका. वाचा, बघा, ऐका, आणि परत येऊन त्याच्याशी भांडा. सुचवणारा माणूस त्या भांडणाच्या आशेवर जगत असतो. पुस्तकाला हळद लागली तरी चालेल, रस्सा सांडला तरी चालेल. पूजेत सांभाळलेल्या पुस्तकापेक्षा भेंड्यांखालून आलेलं पुस्तक जास्त जगतं, हे मी या डोळ्यांनी, म्हणजे या कमळाने आणि या कळीने, पाहिलं आहे.

सध्या माझ्यावरची पुस्तकं टिकत नाहीत. सकाळी ठेवलेलं दुपारपर्यंत जातं. त्यामुळे मी बराच वेळ रिकामी असते आणि त्या रिकामपणाचा मला अभिमान वाटतो. पण रिकामी जागा आपल्याकडे कोणाला बघवत नाही. परवा कोणीतरी माझ्यावर हेल्मेट ठेवून गेलं. काल आकारामांनी त्याला फूल वाहिलं. आज सकाळपासून सातजण पाया पडून गेले.

ज्यांचं असेल त्यांनी ते कृपया घेऊन जावं. आतून ओलं आहे.